मनोऱ्यावरून दिसणारं घर

आमच्या सासूबाईंना सगळा मुलूख किल्लीकाकू म्हणतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला एक भलामोठा खिळा आहे आणि त्या खिळ्याला किल्ल्यांचा जुडगा टांगलेला असतो. त्यातली एकही किल्ली आमच्या घराची नाही. घराला कुलूप लावायची वेळच येत नाही, कारण सासूबाई कायम दारात उभ्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही.

किल्ल्या आहेत मनोऱ्याच्या, पाणचक्कीच्या आणि सराईच्या. आमचा भाग म्हणजे माणसं कमी आणि दगड जास्त. फार पूर्वी इथून मोठा रस्ता जायचा. तो रस्ता दुसरीकडे वळला आणि त्याच्या काठच्या इमारती तेवढ्या आमच्या गळ्यात पडल्या. आता आठवड्यातून दोनदा बस येते. तिच्यातून चार हौशी माणसं उतरतात. पाठीवर पिशव्या, गळ्यात कॅमेरे आणि चेहऱ्यावर 'आता जायचं कुठे?' हा प्रश्न. बसचा ड्रायव्हर काही न बोलता आमच्या दाराकडे बोट दाखवतो आणि सीटवर आडवा होतो.

बघण्यासारखा आणखी एक जुना दगडी पूल आहे, पण त्याला कुलूप नाही. कुणीही यावं आणि त्याच्यावर उभं राहावं, म्हणून सासूबाईंचा पुलावर जरा रागच आहे. "त्याला काय बघायचं? तो कुठे पळून जातोय?" असं म्हणत त्या पाहुण्यांना पुलावरून झपाझप पुढे काढतात. पाणचक्कीत मात्र त्या रमतात. "हे जातं आता फिरत नाही," त्या सांगतात, "पण ढकलून बघितल्याशिवाय तुमच्या जिवाला चैन पडणार नाही. तेव्हा आधी ढकलून घ्या, मग मी बोलते." पाहुणे हसतात, आणि तरीही ढकलतात. सराईतल्या खांबांवर त्या प्रेमाने हात फिरवतात. तिथे मुक्कामाला येणाऱ्या वाटसरूंचे घोडे त्या खांबांना पाठ घासायचे, म्हणून खांब कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झालेत. "आता माणसं घासतात," असं म्हणून त्या टेकून उभ्या राहिलेल्या पाहुण्याकडे बघतात, आणि तो बिचारा दचकून सरळ होतो.

मनोरा शेवटी. तो टेहळणीसाठी बांधलेला, उंच, गोल, आतून विटांचा आणि बाहेरून दगडाचा. वर सज्जा आहे आणि सज्ज्यावर कौलांची टोकदार टोपी. सासूबाई कुलूप काढतात, दार ढकलतात आणि स्वतः बाहेरच्या दगडावर बसकण मारतात. "गुडघे," एवढंच म्हणतात. मग बसल्या जागेवरून सगळं सांगतात. मधली एक पायरी जरा उंच आहे, तिथे शहाण्यातला शहाणा ठेचकाळतो. पुढे डाव्या हाताला एका विटेवर मांजराच्या पंजाचा ठसा आहे, वीट ओली असताना उमटलेला. झरोक्यापाशी थांबा, तिथे उन्हाळ्यातसुद्धा गार वारा लागतो. सज्ज्यात गेलात की उगवतीला पूल, उजवीकडे पाणचक्कीचं छप्पर, आणि मागे वळून बघाल तर टेकडीच्या खाली आमचं घर.

"मागच्या अंगणात दोरीवर लाल चादर असेल," त्या सांगतात. "ती दिसली की समजा किल्लीकाकूचं घर. आमच्या ह्यांना रोज दिसायची."

माणसं धापा टाकत वर जातात, फोटो काढतात, खाली येतात. सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "दिसली का चादर?"

"दिसली हो काकू! अगदी स्पष्ट!"

हे ऐकलं की सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे काही पसरतं, ते बघायला मी भांडी तशीच टाकून कितीदा तरी त्यांच्यामागून गेले आहे.

'हे' म्हणजे माझे सासरे. ते गवंडी होते. मी या घरात आले तेव्हा ते थकले होते, पण त्यांच्या हातांना चुन्याचा वास तेव्हाही होता. या सगळ्या इमारतींची डागडुजी त्यांच्याकडे असायची, म्हणून किल्ल्या आमच्या घरी. ते गेले आणि किल्ल्या खिळ्यावर तशाच राहिल्या. जुन्या इमारतींचा कारभार बघणाऱ्या शहरातल्या ऑफिसने कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी आठवण करून दिली नाही.

लाल चादरीची गोष्ट मी सासूबाईंकडून इतक्या वेळा ऐकली आहे की मीच ती त्यांच्याआधी संपवते. लग्न नवीन होतं. सासरे मनोऱ्याच्या सज्ज्यात काम करायचे आणि ही नवी नवरी घरी बसून जीव मुठीत धरायची. माणूस पडला तर? भाजी करपायची, दूध उतू जायचं, ही आपली अंगणात उभी राहून टेकडीच्या वरून डोकावणाऱ्या मनोऱ्याच्या टोपीकडे टक लावून बघायची. शेवटी सासरे म्हणाले, "अगं, तुला टोपी दिसते ना? मग टोपीखालून मला तू दिसतेस. स्वयंपाक झाला की दोरीवर लाल चादर टाक. चादर दिसली की मी थापी खाली ठेवतो आणि निघतो." त्या दिवसापासून भाजी करपायची थांबली. चादर पडायची आणि थोड्या वेळाने हे चपला वाजवत दारात हजर.

एकदा मात्र गंमत झाली. चादर आदल्या रात्री भिजत घातली होती आणि बाई ती दोरीवर टाकायला साफ विसरल्या. तरी सासरे आले. "चादर दिसली म्हणून आलो," म्हणाले. सासूबाई बादलीतली चादर दाखवून म्हणाल्या, "मग ही काय आहे?" सासरे बादलीत डोकावले. मग म्हणाले, "काहीतरी लाल दिसलं खरं." झालं! सासूबाईंनी त्यांना बसमध्ये घालून शहरात नेलं, डोळ्यांच्या डॉक्टरपुढे बसवलं. डॉक्टर म्हणाले, यांची नजर घारीसारखी आहे. सासूबाईंचं समाधान झालं नाही. पुढे कितीतरी दिवस त्या माणसाला गाजर खायला लागलं.

तर अशी आमची किल्लीकाकू. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग फोन आला.

माझ्या नवऱ्याचं पंक्चर काढायचं दुकान आहे, फोन तिथे आला. जेवायला आल्यावर त्याने सांगितलं की ऑफिसात नव्या मॅडम आल्यात आणि पुढच्या बसने त्या तपासणीला येणार आहेत. दुसऱ्या कुठल्याशा गावी कुणीतरी जिन्यात पडलं, म्हणून नवा नियम निघाला. किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी पाहुण्यांबरोबर वरपर्यंत जायचं. ते जमत नसेल तर किल्ल्या ऑफिसात जमा करायच्या. मग ज्याला बघायचं त्याने शहरातून किल्ली आणावी.

"शहरातून किल्ली आणून कोण बघणार?" मी म्हटलं. "बस तरी कशाला येईल मग?"

"मी तेच म्हणालो. ऑफिसातले म्हणाले, नियम आहे."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणून आम्ही दोघं जेवायचे थांबलो. त्यांनी चहा केला, साखर घालायला विसरल्या आणि तसाच पिऊन टाकला.

दुपारी मी मागच्या अंगणात गेले तर त्या चादरीची घडी घालत होत्या. मी म्हटलं, "आई, गुडघ्यांना तेल लावू का? दोन दिवस चोळलं तर हळूहळू चढाल. मी हात धरेन."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "टेकडी चढताना कधी मागे राहिले का मी तुझ्या?"

हे खरं होतं. टेकडीच्या वाटेवर मीच त्यांच्या मागे धापा टाकत असते. इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही, देव जाणे.

"मला भीती वाटते गं," त्या चादरीकडे बघत म्हणाल्या. "उंचीची. स्टुलावरसुद्धा मी कधी उभी राहत नाही. मी कधी चढलेच नाही त्या मनोऱ्यावर. एकदासुद्धा नाही."

"मग ती पायरी? मांजराचा पंजा? झरोक्यातला वारा?"

"सगळं ह्यांनी सांगितलेलं. रोज जेवताना सांगायचे. मला येता येत नव्हतं ना, म्हणून." मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "किल्ल्या गेल्या तर मी दिवसभर काय करू? कुणाशी बोलू? तू किती वेळ ऐकशील?"

मी किती वेळ ऐकेन हा प्रश्न मला जिव्हारी लागला, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. मी त्यांच्या हातातून चादर काढून घेतली आणि म्हटलं, "उद्या आपण चढू. कुणाला सांगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी नवरा दुकानात गेल्यावर आम्ही निघालो. निघताना सासूबाईंनी सवयीप्रमाणे चादर दोरीवर टाकली. वरून दिसायला हवी ना! टेकडीची वाट चढून, खडकाला वळसा घालून मनोऱ्यापाशी गेलो, कुलूप काढलं. त्या पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि तिथेच खिळल्या. एक हात भिंतीला, एक माझ्या दंडाला. माझ्या दंडावर नंतर काळंनिळं झालं होतं.

"नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "चल घरी."

समजूत घालणं माझ्या स्वभावात नाही, मी लगेच चिडते. चिडूनच म्हटलं, "काय हो काकू, आम्ही एवढे बसने धक्के खात आलो आणि तुम्ही काहीच सांगत नाही? बाहेरून बघूनच जायचं का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मान ताठ केली. पाहुण्याने असं बोललेलं त्यांना कधीच खपलेलं नाही.

"घाई कशाला करता?" त्या म्हणाल्या. "हा मनोरा टेहळणीचा. पहिल्या पायऱ्या रुंद आहेत, कारण पहारेकरी इथून ओझी घेऊन चढायचे. चला पुढे, भिंतीच्या बाजूने."

आणि चढायला लागल्या! मी मागून एकेक प्रश्न टाकत होते. चुना कुठून आणायचे? रात्री पहारेकरी झोपायचे कुठे? इथे भुतं आहेत का? त्या डोळे जवळजवळ मिटून उत्तरं देत होत्या आणि पाय टाकत होत्या. मी गप्प बसले की त्या थांबायच्या, म्हणून मी वाटेल ते विचारत सुटले. एकदा तर मी पहारेकऱ्यांची लग्नं झाली होती का, असंही विचारलं.

"झाली असणार," त्या म्हणाल्या. "नाहीतर एवढ्या उंचावर येऊन कोण बसेल?"

उंच पायरी आली. "आता इथे ठेच लागेल, सांभाळा," त्या म्हणाल्या आणि पाय उचलून सहज वर गेल्या. ठेच मला लागली. पुढे डाव्या हाताला त्यांनी न बघता भिंत चाचपली आणि बोटं बरोबर त्या विटेवर थांबली. चार छोटे खळगे आणि मागे एक मोठा. त्यांनी डोळे उघडले.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आहे की!"

झरोक्यापाशी गार वारा होता. त्याच्या खाली सासरे पाण्याचं भांडं ठेवायचे तो कोनाडाही होता. त्या प्रत्येक ठिकाणी हात लावत होत्या. भीती कुठे गेली कोण जाणे, चेहरा असा झाला होता की जणू कुणीतरी पुढे चाललंय आणि ह्या त्याच्या मागून जाताहेत. मी प्रश्न विचारायचे थांबले, तरी त्या थांबल्या नाहीत.

वर सज्ज्यात उजेड होता. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि आधी आकाशाकडेच बघितलं. मग हळूहळू नजर खाली आणली. उगवतीला पूल. "पूल बरा दिसतो इथून," त्या नाइलाजाने म्हणाल्या. उजवीकडे पाणचक्कीचं छप्पर. सगळं सासऱ्यांनी सांगितलं तसं, जागच्या जागी.

मग त्या कठड्याला धरून पावलापावलाने मागच्या बाजूला गेल्या. मीही गेले. मी त्याआधी एकदाच वर आले होते, लग्नानंतर. तेव्हा मी माहेर कुठल्या दिशेला आहे ते शोधत होते. सासर शोधायला कुणाला वेळ होता?

समोर टेकडी होती. टेकडीचा मोठा काळा खडक, त्याच्या वर आकाश, एवढंच. ना घर, ना अंगण, ना दोरी, ना चादर. आमच्या अंगणातून टेकडीवर मनोऱ्याची टोपी दिसते, ती टोपीच तेवढी. टोपीखालचा सज्जा पुरता खडकाच्या आड जातो. आणि ती टेकडी काही काल उगवली नव्हती.

सासूबाईंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. टाचा उंचावून बघितलं. म्हटलं, आता या रडणार, आणि यांना खाली कसं न्यायचं?

"दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, आई."

"कधीच दिसत नव्हतं."

"नाही."

"म्हणजे ती सगळी माणसं माझ्या तोंडावर खोटं बोलली? अगदी स्पष्ट दिसली म्हणाली!"

"तुमचं मन मोडवलं नसेल त्यांना."

त्या बराच वेळ खडकाकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी धरायला गेले तर त्या हसत होत्या. "आणि मी त्या माणसाला," त्यांना बोलता येईना, "डोळे तपासायला नेलं! गाजरं खाऊ घातली! चकार शब्द बोलला नाही गं. मुकाट्याने गाजरं खाल्ली!"

मलाही हसू फुटलं. आम्ही दोघी सज्ज्यात खाली बसलो आणि पोट धरून हसलो. हसता हसता कधी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनाही कळलं नाही. "सगळं खरं सांगितलं ह्यांनी," त्या म्हणाल्या. "पायरी खरी, पंजा खरा, वारा खरा. एवढं एकच खोटं. मी घाबरू नये म्हणून." मग नाक पुसून म्हणाल्या, "पण मग जेवायला वेळेवर कसे यायचे?"

"भूक लागल्यावर."

"हो गं. पोटातच घड्याळ होतं त्यांच्या."

उतरताना त्या पुढे होत्या.

संध्याकाळी नवरा जेवायला बसला तेव्हा सासूबाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो ताटात बघत राहिला. अपराधी चेहरा मला ओळखता येतो, इतकी वर्षं संसार केलाय.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"लहानपणी बाबांबरोबर वर गेलो होतो," तो पुटपुटला. "मी म्हटलं, बाबा, घर कुठे आहे? ते म्हणाले, आईला बोललास तर बघ. मग नाही बोललो."

"अजूनपर्यंत?" मी ओरडले. या माणसाच्या पोटात आणखी काय काय असेल या विचाराने माझी झोप उडाली. सासूबाई मात्र त्याच्या ताटात वाढतच राहिल्या.

मॅडम बसने आल्या. तरुण होत्या, पायांत धावायचे बूट, हातात मोजपट्टी. घरात येऊन चहा घेतला, बोलायलाही गोड होत्या. पण मनोऱ्याच्या दारात उभ्या राहून त्यांनी स्वच्छ विचारलं, "काकू, तुम्हाला वरपर्यंत जमेल ना? खरं सांगा. जमत नसेल तर कुणी तुम्हाला दोष देणार नाही, पण किल्ल्या मला न्याव्या लागतील."

सासूबाईंचा एक हात भिंतीवर गेला. भीती काही एका दिवसात जात नाही. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, पण त्या मला नको म्हणून मानेनेच सांगून पहिल्या पायरीवर चढल्या.

"मागून या," त्या मॅडमना म्हणाल्या. "मधली पायरी उंच आहे, मी सांगेन तेव्हा पाय उचला."

मी खाली त्यांच्या दगडावर बसले. वरून आवाज येत राहिला, एकदाही न थांबता, गोल गोल फिरत उंच जाणारा. उंच पायरीपाशी मॅडमचा 'आई गं!' ऐकू आला. म्हणजे सांगूनसुद्धा ठेच लागली होती. मग आवाज सज्ज्यात पोचला आणि वाऱ्याबरोबर नीट ऐकू यायला लागला. पूल. पाणचक्की. सराई. मग त्या मागच्या बाजूला गेल्या.

"आणि तुमचं घर कुठे, काकू?" मॅडमनी विचारलं. "खाली अंगणात ती लाल चादर होती, ती इथून दिसत असेल ना?"

मी दगडावरून उठून उभी राहिले.

"नाही हो," सासूबाईंचा आवाज आला, खणखणीत. "इथून आमचं घर कुणालाच दिसत नाही. फक्त आमच्या ह्यांना दिसायचं."

मग दोघी खाली आल्या. मॅडम एका पायाने किंचित लंगडत होत्या. त्यांनी दाराचं कुलूप स्वतः लावलं, ओढून बघितलं आणि जुडगा सासूबाईंच्या हातात ठेवला. "तुमच्याकडेच असू द्या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाक उरकला. मी बघत होते, आता सासूबाई काय करतात. त्या मागच्या अंगणात गेल्या, बादलीतून लाल चादर काढली, पिळली, झटकली आणि रोजच्यासारखी दोरीवर टाकली. टेकडीवरच्या टोपीकडे एकदा बघितलं, आणि आत येऊन ताटं घेतली.